मोटारीचीं चाकें: धुण्याची रीत व खरवडलेल्या लेपाची दुरुस्ती

बैलगाडीच्या चाकाची निगा आपल्या वाडवडिलांस उत्तम ठाऊक होती. उन्हाळ्यांत लांकूड आटून धांव सैल झाली कीं चाक सुतार-लोहाराच्या दारीं जाई, धांव तापवून पुन्हां चढविली जाई, आंखाला वंगण पडे, आणि मगच गाडी कामास जुंपली जाई. आज आपल्या अंगणांत ट्रॅक्टर, माल नेण्याचा छोटा टेंपो व घरची मोटार उभी असते. परंतु चाकाकडे पाहण्याची ती जुनी नजर बैलगाडीबरोबरच गेली. पंक्चर झालें म्हणजे चाकाकडे पाहावें आणि सणावारीं त्यावर पाणी मारावें, एवढाच आपला व चाकाचा संबंध उरला आहे.

मी यंत्रकामाचा जाणकार नव्हें. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां घरची शेती पाहणारा मनुष्य आहें. या विषयाचें जें थोडें ज्ञान मला झालें, तें स्वतःच्या दोन चुकांमुळें झालें. त्यांपैकीं एक चूक घडली व दुसरी घडतां घडतां राहिली. पहिलीनें पैसे गेले; दुसरी घडती तर काय गेलें असतें, तें वाचकांनींच शेवटीं ठरवावें.

१. घडलेली चूक

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, गाडी पूजेसाठीं स्वच्छ असावी म्हणून मुलाची मोटार मीं अंगणांत धुण्यास घेतली. चाकें रुपेरी मिश्रधातूचीं, म्हणजे ज्यांस बाजारांत अलॉय व्हील म्हणतात तशीं. ऊसाच्या ट्रॉल्यांनीं खचलेल्या आमच्या रस्त्यावरील काळी माती व ब्रेकची तपकिरी काजळी त्यांवर घट्ट बसली होती. साबणानें ती निघेना. तेव्हां न्हाणीघराच्या फरशीसाठीं आणलेलें ॲसिड पाण्यांत मिसळून मीं फडक्यानें चाकांस लावलें. फेंस आला, काजळी उतरली, आणि आपण मोठी युक्ति केली असें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं झेंडूची माळ घालतांना पाहतों तों चाकाच्या आऱ्यांवर पांढुरके ओघळ उमटलेले, पूर्वीं दगडास घांसलेल्या कांठाजवळ लेपाचे पापुद्रे सुटलेले, आणि त्याखालचा धातु काळवंडलेला! माझ्या बोटांची आग दोन दिवस राहिली ती वेगळीच. मुलगा कांहीं बोलला नाहीं. सूनबाईंनीं हातांना खोबरेल आणून दिलें, तेवढेंच.

या चुकीचें मूळ एकच होतें. मी काय धूत आहें, हेंच मला ठाऊक नव्हतें. जमिनीचा पोत न पाहतां खत टाकणाऱ्याची जी गत होते, तीच माझी झाली.

२. चाकाचा पोत ओळखणें

प्रथम चाक कशाचें आहे तें पाहावें. चुंबक चिकटलें तर चाक पोलादी समजावें. न चिकटलें तर बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें. ट्रॅक्टर, ट्रॉली, टेंपो व साध्या मोटारी यांचीं चाकें बहुतेक पोलादी असतात. ॲल्युमिनियमचीं ओतीव चाकें कांहीं कालचीं नव्हत. बुगाटी कंपनीनें १९२४ सालीं आपल्या शर्यतीच्या गाडीस तशीं चाकें बसविलीं होतीं. आतां तीं खेड्यांतील घरगुती मोटारीसही दिसतात.

त्यानंतर धातूवर कोणतें आवरण आहे तें पाहावें. मुख्य प्रकार असे:

(अ) साधा रंग: पोलादी चाकावर प्रायमर व त्यावर रंग. रंग उडाला कीं गंज चढतो.

(आ) रंग व पारदर्शक लेप: बहुतेक मिश्रधातूंच्या चाकांवर रुपेरी रंग असून त्यावर लॅकरचा पारदर्शक थर असतो. आपण जी चकाकी पाहतों ती या थराची असते, धातूची नव्हे.

(इ) भुकटीचा भाजीव लेप: यांत रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भारानें चाकावर बसवून सुमारें १८० ते २०० अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टींत वितळवितात. हा लेप चिवट असतो.

(ई) लेथवर कातलेला दर्शनी भाग: यास डायमंड कट म्हणतात. नीट पाहिल्यास ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेषा दिसतात. यावरही पारदर्शक लेप असतो.

(उ) क्रोमचा मुलामा, आणि (ऊ) नुसता घोटलेला उघडा धातु. हे दोन प्रकार आपल्याकडे थोडे.

पारदर्शक लेप आहे कीं धातु उघडा आहे, याची परीक्षा सोपी आहे. आंतल्या बाजूस, जेथें सहसा दृष्टि जात नाहीं अशा ठिकाणीं, पांढऱ्या कापडावर थोडें धातूचें पॉलिश घेऊन घांसावें. कापड काळें झालें तर धातु उघडा आहे. काळें न झालें तर वर लेप आहे.

ॲल्युमिनियमविषयीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. लोखंडाला आम्ल खातें, क्षार सहसा खात नाहीं. ॲल्युमिनियमला दोन्ही खातात. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलें असतां पातेलें काळें पडतें, हें आपल्या घरांतील बायकांस कोणत्याही पुस्तकावांचून माहीत आहे. तोच न्याय चाकास लागू आहे. चिंच, लिंबू व फरशीचें ॲसिड हें एका टोंकास, तर सोडा, कॉस्टिक व भट्टीचीं जाळी धुण्याचीं द्रावणें दुसऱ्या टोंकास. दोन्ही टोंकें वर्ज्य. मोटार धुण्यासाठीं मिळणारा, आम्ल किंवा क्षार यांकडे न झुकणारा साबण हाच मध्यममार्ग होय.

३. काजळी म्हणजे काय

चाकावरची तपकिरी काजळी ही केवळ धूळ नव्हे. ब्रेक दाबला कीं ब्रेकचें पॅड बिडाच्या फिरत्या चकतीवर घांसतें. त्या घर्षणांत पॅडचे व बिडाचे बारीक तप्त कण उडतात. त्यांतील लोखंडाचे कण लेपावर रुततात, हवेंतील ओलाव्यानें गंजतात, व मग साध्या साबणानें सुटत नाहींत. पुढच्या चाकांवर काजळी अधिक दिसते, कारण ब्रेकचा अधिक भार पुढच्या चाकांवर येतो. काजळी महिनोन्महिने राहूं दिली तर ती लेपांत शिरते. सबब, दर पंधरवड्यास साध्या साबणानें धुतलेलें चाक, वर्षांतून एकदां ॲसिडनें धुतलेल्या चाकापेक्षां कितीतरी अधिक टिकतें.

४. धुण्याची रीत

(१) चाक थंड झाल्यावरच धुवावें. गाडी नुकतीच घाट उतरून आली असेल तर ब्रेकच्या चकत्या अतिशय तापलेल्या असतात. त्यांवर थंड पाणी पडल्यास त्या वांकण्याचें भय असतें, आणि साबण चाकावरच वाळून डाग पडतात. हात लावून पाहावा. कोमट लागलें तरी थांबावें. ऊन्हांत धुऊं नये.

(२) एका वेळीं एकच चाक घ्यावें. प्रथम पुष्कळ पाणी सोडून माती भिजूं द्यावी. कोरडी माती घांसणें म्हणजे लेपावर पॉलिश पेपर फिरविणेंच होय. कोंकणांतील तांबडी माती असो वा देशावरची काळी, दोहोंत वाळूचे कण असतातच.

(३) दाबाच्या पाण्याची नळी वापरावयाची तर तिचें टोंक चाकापासून निदान एक फूट दूर धरावें. अगदीं जवळून मारलेली धार टायरची बाजू दुखवूं शकते व सुटलेल्या लेपाखालीं पाणी घालते.

(४) दोन बादल्या घ्याव्या: एकींत साबणाचें पाणी, दुसरींत साधें. फडकें साध्या पाण्यांत खंगाळून मगच साबणांत बुडवावें. चाकाचें फडकें गाडीच्या अंगाला लावूं नये. त्यांतील लोहकण रंगावर चरे पाडतात. आऱ्यांच्या मधल्या जागेसाठीं मऊ केंसांचा ब्रश असावा. तारेचा ब्रश व भांडी घांसण्याची काथ्या-तार लेपाच्या चाकास कधींही लावूं नये.

(५) रिमच्या आंतल्या बाजूस शिशाचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे चिकटविलेले दिसतात. तीं चाकाचा तोल सांभाळणारीं वजनें होत. घाण समजून तीं खरवडूं नयेत. निघाल्यास वेगांत सुकाणूचें चाक थरथरूं लागतें.

(६) रुतलेली काजळी न निघाल्यास लोहकण सोडविणारें द्रावण मिळतें. त्यांत थायोग्लायकोलेट नांवाचें लवण असतें. लोखंडाशीं संयोग होतांच तें जांभळें होतें व त्यास कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधि येते; त्यावरून काम चालू आहे असें समजावें. हातमोजे घालून, मोकळ्या हवेंत, डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतेंच तें ठेवावें, वाळूं देऊं नये, व भरपूर पाण्यानें धुऊन टाकावें.

(७) शेवटीं मऊ कापडानें पुसून कोरडें करावें. बोअरचें पाणी जड असल्यास तें वाळून पांढरे ठिपके राहतात. कोरड्या चाकावर मेणाचा पातळ हात दिला तर पुढच्या वेळीं काजळी सहज सुटते. ब्रेकच्या चकतीवर मात्र मेण, तेल किंवा टायर चमकविण्याचें द्रावण यांचा थेंबही पडतां कामा नये.

(८) धुतल्यावर गाडी बाहेर काढण्याआधीं अंगणांतच हळूं चालवून दोन-तीन वेळां हलकेच ब्रेक दाबावा. ओल्या चकतीवर ब्रेक पहिल्या क्षणीं नीट धरीत नाहीं. चकतीवर रात्रींत आलेला तांबूस गंज वरवरचा असतो. तो चार ब्रेकांत निघून जातो.

५. जिवास जपण्याच्या तीन गोष्टी

पहिली: चाकें झटपट उजळविणाऱ्या कांहीं तीव्र द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतें. सौम्य प्रमाणांत तें त्वचेवर पडलें तर प्रथम फारशी आग होत नाहीं, म्हणून मनुष्य दुर्लक्ष करतो. परंतु तें आंत झिरपून हाडापर्यंत इजा करूं शकतें. घरीं तें आणूंच नये. अंगावर पडल्यास लागलीच वाहत्या पाण्याखालीं धुऊन, वेदनेची वाट न पाहतां, डबा बरोबर घेऊन रुग्णालयांत जावें. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप हा ओळखीचा उपाय आहे.

दुसरी: ॲसिड आणि कपडे पांढरे करण्याचें ब्लीच कधींही एकत्र करूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो.

तिसरी: ब्रेकमधील कोरडी भुकटी हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे व त्याचे तंतु फुप्फुसांस घातक आहेत. पाण्यानें भिजवूनच ती काढावी.

६. खरवडलेल्या लेपाची दुरुस्ती

दगडास किंवा पुलाच्या कठड्यास चाक घांसून कांठ खरवडला, किंवा लेपाखालीं किड्याच्या वाटेसारख्या वेड्यावांकड्या पांढऱ्या रेषा पसरूं लागल्या, तर दुरुस्ती लांबवूं नये. या रेषा म्हणजे लेपाखालीं पसरणारा ॲल्युमिनियमचा क्षय होय. ओलावा व मीठ यांनीं तो वाढतो. समुद्रकांठच्या गांवीं तो लवकर दिसतो. उथळ ओरखड्यांची दुरुस्ती घरीं करतां येते, ती अशी:

चाक काढतांना गाडी सपाट व टणक जमिनीवर ठेवावी, हातब्रेक ओढावा, समोरच्या चाकास दगड लावावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं जाऊं नये. चाक धुऊन वाळवावें व थिनरच्या कापडानें तेलकटपणा काढावा. टायरवर मास्किंग टेप व कागद लावावा.

ओरखड्याचे उभे कांठ २४० नंबरच्या पॉलिश पेपरनें घांसून उतरते करावे, मग ४०० व ६०० नंबरनें गुळगुळीत करावे. सुटलेला लेप जेथवर उचलतो तेथवर काढावाच. सैल लेपावर दिलेला रंग वाळवीच्या भिंतीवर दिलेल्या चुन्यासारखा आहे. उथळ खळग्यांत पातळ लांबी भरून वाळल्यावर घांसावी. उघड्या धातूवर ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर द्यावा. साधा प्रायमर पापुद्र्यानें निघतो. मग रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्यें दहा-पंधरा मिनिटें सोडून, व शेवटीं पारदर्शक लेपाचे दोन किंवा तीन हात द्यावे. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. पावसाळी दमट हवेंत लेप पांढुरका पडतो. म्हणून हें काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, सावलींत व वारा खेळता असतां करावें. तोंडावर योग्य मास्क असावा. दोन भाग मिसळून लावण्याच्या लॅकरमधील हार्डनरची वाफ फुप्फुसांस इतकी अपायकारक असते कीं तें काम रंगशाळेकडेच द्यावें.

चाकाची जी पाठ गाडीच्या हबवर टेंकते ती व नट बसण्याच्या खोबणी यांवर रंग देऊं नये. तेथील जाड रंग दबला कीं नट सैल पडतात. चाक निदान एक दिवस वाळूं द्यावें. बसवितांना नट फुलीच्या क्रमानें, म्हणजे एकानंतर समोरचा याप्रमाणें आंवळावे. आंवळण्याचें माप गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावे. नव्या लेपास महिनाभर द्रावण लावूं नये.

कातलेला दर्शनी भाग हातानें पूर्ववत् होत नाहीं. तो लेथवरच घ्यावा लागतो, व प्रत्येक वेळीं थोडा धातु जात असल्यानें तें कामही मोजकेच वेळां करतां येतें. क्रोमचा मुलामा उखडला असेल तर त्याचे कांठ पात्यासारखे धारदार असतात. त्यास हात घालूं नये.

७. रंगाखालीं लपविण्याजोगें काय नव्हे

आतां दुसरी चूक. ॲसिडनें बिघडलेलीं चाकें वरील रीतीनें दुरुस्त करावीं म्हणून मीं एकेक चाक उतरविलें. पुढचें डावें चाक आठवड्यास थोडी हवा सोडीत असे. वाल्व्ह सैल असेल म्हणून मीं तिकडे लक्ष दिलें नव्हतें. त्या चाकाची आंतली बाजू चिखल-काजळीनें लिंपलेली होती. ती बाजू कोणास दिसत नाहीं, तेव्हां नुसता रंग मारून मोकळें व्हावें असें मनांत आलें होतें. परंतु कारकुनी स्वभावानें पाठीमागचें पानही तपासावें म्हणून धुतलें, तों आंतल्या कांठापासून आऱ्याच्या दिशेनें गेलेली केंसासारखी एक रेष दिसली. ओरखडा असेल म्हणून पॉलिश पेपर फिरविला, तरी जाईना. तेव्हां साबणाचें पाणी लावलें. त्या रेषेवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊं लागले. चाकास तडा गेला होता. हंगामांत एका खड्ड्यांत गाडी जोरानें आदळली होती, हें मुलास मग आठवलें.

याच गाडींतून माझी सून दोन नातवंडांना घेऊन रोज शाळेस जात असे. त्या रेषेवर मी लांबी भरून रुपेरी रंग दिला असता, तर चाक नव्यासारखें दिसलें असतें, आणि तडा रंगाखालीं वाढत राहिला असता.

म्हणून माझा मुख्य सांगावा हा: लेपास जखम झाली तर ती भरावी, धातूस जखम झाली तर ती झांकूं नये. तडा गेलेलें, कांठ मोठा वांकलेलें किंवा नटांची भोकें लांबट झालेलें चाक बदलावें. गॅसच्या ज्योतीनें तापवून, हातोड्यानें ठोकून किंवा वितळजोड देऊन तें "सरळ" करून देणारे पुष्कळ आहेत; परंतु या मिश्रधातूस बळ येतें तें कारखान्यांत सुमारें ५४० अंशांवर तापवून, पाण्यांत निववून व पुन्हां मंद उष्णतेवर मुरवून. ज्योतीच्या बेहिशेबी उष्णतेनें तें बळ जातें, व दिसण्यांत कांहींच फरक पडत नाहीं.

८. ट्रॅक्टर व ट्रॉलीचीं चाकें

खत वाहिल्यावर चाकें त्याच दिवशीं धुवावीं. म्युरिएट ऑफ पोटॅश हें क्लोराइडच असून रिमच्या खोबणींत सांचलेले त्याचे कण ओलाव्यानें पोलाद झपाट्यानें गंजवितात. टायरांत पाणी भरलेलें असल्यास वाल्व्हच्या भोंकाभोंवतीं गंजाचे ओघळ आहेत काय हें दर हंगामास पाहावें. वरवरचा गंज तारेच्या ब्रशानें काढून, धातु कोरडा करून, गंजरोधक प्रायमर व ऑइल पेंट द्यावा. पोलादी चाकास तारेचा ब्रश चालतो, मिश्रधातूच्या लेपास नव्हे, हा भेद विसरूं नये.

आणि टायर चढविलेला असतांना रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधींही लावूं देऊं नये. उष्णतेनें टायरच्या आंतील रबरांतून जळाऊ वायु निघून टायर बाँबसारखा फुटतो. नुसती हवा सोडून हें भय टळत नाहीं. टायर रिमवरून पूर्ण उतरविलाच पाहिजे. वेल्डिंगवाला घाईंत असला तरी मालकानें घाई करूं नये.

९. उपसंहार

माझ्या दुरुस्त केलेल्या तीन चाकांवर बारकाईनें पाहिल्यास रंगाचा किंचित् फरक दिसतो; चौथें नवें घ्यावें लागलें. तडकलेलें चाक मीं भंगारांत दिलें नाहीं. कोणी तें पुन्हां रंगवून विकील अशी धास्ती वाटली. तें गोठ्याच्या भिंतीशीं ठेविलें आहे, व तड्याभोंवतीं तांबड्या रंगानें खूण केली आहे. कोणी विचारलें कीं साबणाचें पाणी लावून बुडबुडे येत होते ती जागा दाखवितों. वाचकांनीं येत्या रविवारीं आपल्या गाडीचीं चाकें धुण्यास घ्यावीं, व बाहेरची बाजू धुऊन झाली म्हणजे उठूं नये. आंतली बाजूही पाहावी.